दाजींचं नाक आणि हिप्परग्याची बोट

दाजींचं नाक साऱ्या शुक्रवार पेठेला ठाऊक होतं. दिसायला काही खास नव्हतं, जरा बसकंच होतं. पण तेलात बुडवलेलं बोट त्या नाकाशी नेलं की करडी अक्कलकोटकडची की मोहोळची, घाणा नीट धुतला होता की नाही, कुणी शेंगदाण्याचं मिसळलंय का, सगळं सांगत. दोन व्यापाऱ्यांचं मालावरून वाजलं की ते डबा घेऊन दाजींच्या दुकानी येत. दाजी डोळे मिटून वास घेत, निकाल देत, आणि वर म्हणत, "नाकाला इच्यारा की, माझ्याकडं काय बगताय?" त्यावर कुणी अपील केल्याचं मला आठवत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. आमच्या केम गावी जमीन थोडी आणि भाऊ उदंड, म्हणून अक्कानं मला त्यांच्या दुकानात आणून बसवलं होतं. दाजी घरात कानडी बोलत, दुकानात मराठी आणि राग आला की दोन्ही. माणूस मनाचा मोठा. दारात आलेल्याला जेवू घातल्याशिवाय सोडायचे नाहीत. मात्र चारचौघांत मान खाली जाणं त्यांना अजिबात सोसत नसे. हरले तर सोंगट्यांचा पटसुद्धा उधळून लावत.

दुसऱ्याचं तेल विकत आणायचं नाही, हा त्यांचा बाणा. तेल्याच्या घरात परकं तेल म्हणजे लोक तोंडात शेण घालतील, असं ते म्हणत. त्यामुळे दुकानाच्या कुलपाला, गाडीच्या चाकाला, अक्काच्या शिवणयंत्राला आणि त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याला एकच औषध: आपल्या घाण्याचं करडीचं तेल. अक्काचं यंत्र अधूनमधून जाम व्हायचं. ती बिचारी गुपचूप रॉकेलनं धुऊन घ्यायची आणि नवऱ्याला काही बोलायची नाही.

अशात विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला आणि दाजी तिथून एक जुनी मोटारबोट घेऊन आले. पेठेतले लोक हसले. मोटार घ्यायची सोडून बोट कशाला, असं मीही विचारलं. मोटारी आता कुणीही घेतंय, बोट कुणाकडं आहे सांग, असं त्यांनी मलाच विचारलं. बोट शहराबाहेरच्या हिप्परग्याच्या तलावात राहायची. पुढे मोटारीसारखं चाक, मागे टांगलेलं इंजिन, आणि चाकापासून इंजिनापर्यंत दोन्ही कडांनी गेलेली तार. चाक फिरवलं की तार ओढली जाई, इंजिन आपल्या खुंट्यावर वळे आणि बोटीचं तोंड फिरे.

ती चालवायला दाजींनी तलावाकाठचा हरबा कोळी ठेवला. हरबा माळकरी होता. बोलणं कमी, आवाज गोड, आणि गावच्या भजनात पखवाज त्याचाच. चाक जड जातंय, एकदा इंजिनाचा खुंटा खोलून बघायला हवा, असं तो दाजींना सांगून थकला. दाजींनी तार बदलली, गिरणीच्या भंगारातून तारेखालच्या कप्प्या आणून बसवल्या, आणि खुंट्यापुरतं एकच सांगितलं, "तेल घाल." हरबा निमूटपणे घालायचा. दोन दिवस चाक हलकं वाटायचं, मग पहिल्यापेक्षा जड व्हायचं. की पुन्हा तेल.

दाजींच्या लेकीला बघायला मोहोळचे पाहुणे आले, तेव्हा जेवणं झाल्यावर दाजी हौसेनं सगळ्यांना तलावावर घेऊन गेले. परत येताना काठाजवळ हरबानं चाक वळवलं, तर ते वळेचना. त्यानं दोन्ही पाय रोवून अंगाचा सगळा भार टाकला, मी इंजिन बंद करायला मागे धावलो, तोवर बोट बांधाच्या दगडांवर जाऊन आदळली. पाहुण्यांची म्हातारी आई तोंडावर पडली. ओठ फुटून लुगड्यावर रक्त सांडलं. पाहुणे लालबुंद झाले. असल्या माणसाच्या हाती आमची बायकामाणसं दिलीत कशी, असं त्यांनी सगळ्यांदेखत दाजींना विचारलं.

दाजी क्षणभर गोंधळले. मग हरबाकडे वळून म्हणाले, "तोंड उघड."

हरबाला काही कळेना. दाजींनी पुन्हा दरडावलं, तेव्हा त्यानं तोंड उघडलं. गळ्यात तुळशीची माळ, बांधावर माणसं गोळा झालेली, आणि तो लहान पोरासारखा आ करून उभा. दाजींनी नाक जवळ नेलं, वास घेतला आणि पाहुण्यांना म्हणाले, "येतोय वास. पिऊन आलाय."

त्या नाकापुढे कोण काय बोलणार? पाहुणे शांत झाले, पुढे लग्नही ठरलं. हरबानं तोंड मिटलं आणि बांधावरून चालत निघून गेला. आठवडाभरानं दूधवाल्याकडून कळलं, की गावात त्याच्या हातून पखवाज काढून घेतलाय आणि त्यानं स्वतःच माळ उतरवून देवळात देवापुढे ठेवलीय. दाजींनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. पण त्या दिवशी ते अर्ध्या ताटावरून उठले.

पुढे एकदा, आता आपणच चालवू म्हणून, ते मला घेऊन तलावावर गेले. चाक त्यांच्याही हातून हलेना. घाम फुटला. शेवटी आम्ही तार सोडून बघितली. नुसतं चाक एका बोटानं फिरत होतं. म्हणजे दुखणं मागे, इंजिनात. खुंटा ठोकून ठोकून बाहेर काढला, तर त्यावर पिवळट तपकिरी चिकट थर बसलेला, नखानंही निघेना. अक्काच्या तेलाच्या बुधल्याला तळाशी बसतो, अगदी तसा. इंजिनाच्या धगीनं तो आणखी शिजला होता. दाजींनी बोट लावून नाकाशी नेलं. मग म्हणाले, "आपलंच हाय." रॉकेलनं धुतल्यावर इंजिन हाताच्या धक्क्यानं वळायला लागलं.

घरी आल्यावर अक्का म्हणाली, लग्न होईपर्यंत कुठं बोलू नका, व्याह्यांच्या कानावर गेलं तर पोरीचं मोडेल. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दाजी रात्रभर ओसरीत येरझाऱ्या घालत होते. सकाळी त्यांनी पटका बांधला, मला सोबत घेतलं आणि टांगा सांगितला.

हरबाच्या गावच्या देवळात एकादशीचं भजन सुरू व्हायचं होतं. पखवाजावर कुणी दुसराच होता. हरबा मागे खांबाला टेकून बसला होता, गळा माळेविना मोकळा. दाजींनी दारातच पटका काढून हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की बोट हरबामुळं आपटली नाही, माझ्या तेलानं खुंटा धरला होता, चूक माझी. लोक एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, झालं, सुटलो.

हरबा उठून पुढे आला. "तेलाचं ऱ्हाऊ द्या, मालक. तेल मीच घालत हुतो. वास आला हुता का, तेवढं सांगा."

दाजींची मान खाली गेली. मला त्या घडीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. हो म्हणाले असते तरी कुणी खोटं धरलं नसतं.

"न्हाई आला," दाजी म्हणाले.

"तवाच कळलं हुतं?"

"तवाच कळलं हुतं."

हरबानं नुसती मान हलवली. गावच्या म्हाताऱ्या बुवांनी देवापुढची माळ उचलून त्याच्या गळ्यात घातली, पखवाजावरचा पोरगा बाजूला सरला आणि भजन सुरू झालं. दाजींना कुणी जा म्हणालं नाही की बसा म्हणालं नाही. मी हळूच त्यांची बाही ओढली. हितंच बरं हाय, असं ते पुटपुटले.

व्याह्यांच्या कानावर सगळं गेलं. लग्न मोडलं नाही, पण ते दाजींशी मोजून मापून बोलत. बोट मोडीत गेली. हरबा कधी आमच्या दारी आला नाही, आणि त्याला बोलावण्याची दाजींची छाती झाली नाही. दाजींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लोक त्यांच्या आठवणी काढतात तेव्हा गादीवरचे, तेलाचा निकाल देणारे दाजी सांगतात. मी माझ्या आठवणीतले दाजी सांगत नाही. ते देवळाच्या दारात चपलांपाशी उभे असतात, हातात पटका धरून, भजन संपेपर्यंत.