लायसन्सवाली खुर्ची

माझे वडील निगडीच्या बस टर्मिनसवर कामगारांची पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे निघोजेतल्या वर्कशॉपमध्ये बिलांच्या कामाला लागले, तेव्हा तिथलं चोरून टाकलेलं ऑफिस सॉफ्टवेअर बघून मला गप्प बसवेना. चोरायचं नाही आणि कुणाच्या दावणीलाही बांधून घ्यायचं नाही, सगळ्यांना खुलं असलेलं, फुकटचं मुक्त सॉफ्टवेअर वापरायचं, असं मी शेठच्या मागेच लागले. शेवटी ते म्हणाले, "करा बाई काय करायचं ते. फाईल वेळेवर पोचली म्हंजे झालं."

सगळे कॉम्प्युटर मी बदलले. एक सोडून. आम्ही ज्या कंपनीला पार्ट देतो, तिची तपासणीची शीट नव्यात उघडली की बटणं चालायची नाहीत, रंग उडायचे. म्हणून शेठनी एक लायसन्स रीतसर विकत घेतलं. ते क्वालिटी बघणाऱ्या लातूरच्या सहकाऱ्याच्या मशीनवर बसलं.

तेव्हापासून सगळे त्याच्याच टेबलाशी. कोटेशनमधली रेघ हलली, चला त्याच्याकडे. पगाराच्या तक्त्यातला मराठी फॉन्ट तुटला, चला. मी शेजारीच बसलेली.

"ताईंच्या मशीनवर नको राव, ते क्रांतिकारी आहे," स्टोअरवाला म्हणाला. लातूरवाला हसला, शेठही हसले. खुर्चीत रेलून, एका हाताने चहा पीत त्याचं ते फाईल उघडणं मला बघवेना. भांडले मी, आणि गादी मिळाली त्याला.

मग एक दिवस शेठ वैतागले. "या कटकटीपरीस सगळ्यांनाच लायसन्स घेऊ. सोमवारी सांगतो."

म्हणजे माझं सगळं केलेलं पाण्यात. रविवारभर मोशीच्या घरी बसून मी त्या पार्ट घेणाऱ्या कंपनीच्या साहेबांना मेल लिहिला. पार्ट आम्ही बनवायचे, मग कुठल्या दुकानातून सॉफ्टवेअर घ्यायचं हे तुम्ही का ठरवायचं? छापलं असतं तर दोन पानी पत्रक झालं असतं. सोमवारी सकाळी एका ओळीत उत्तर आलं: ठरलेल्या फॉरमॅटमध्येच पाठवा.

लातूरवाला माझ्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होता. त्याने तिथेच त्या साहेबांना फोन लावला, स्पीकरवर.

"सर, नाश्ता झाला का? बरं, ती शीट तुम्ही कधी उघडून बघता का हो?"

"कोण उघडतंय राव! ऑडिटला सहीचं पीडीएफ लागतं."

"मग नुसतं पीडीएफच पाठवू?"

"पाठव की. दिसायला तसंच ठेव फक्त."

उडालेले रंग हाताने भरले की तसं पीडीएफ तर माझ्याही मशीनवर होत होतं. नवी लायसन्सं घ्यायचं रद्द झालं. त्याच्या मशीनवरचं होतं तेही मी काढून टाकलं. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, एका फोनमदी काम केलं गड्यानं!"

दुपारी स्टोअरवाला बिघडलेली फाईल घेऊन आला, तो सरळ लातूरवाल्याच्याच टेबलाशी.

"ताईंना दाखव भावा, त्यांना जास्त कळतं," तो म्हणाला. टोमणा नव्हता, मनापासून म्हणाला. तेच मला जास्त झोंबलं.

स्टोअरवाला माझ्याकडे आला. मी फाईल नीट करून दिली. जाताना तो वळून लातूरवाल्याला थँक्यू म्हणाला.