साडूंचा लाँग टर्म आणि माझी शेंगा चटणी

मंडळी, आज काळजात गार वाटलं बघा.

मागच्या महिन्यात सासरी भर पंगतीत आमचे साडू मला म्हणाले, "एवढेसे शेअर घेऊन काय व्हतंय वो? त्यात शेंगा चटणी तरी येती का?" सगळे हसले. माझी बायकोसुद्धा. तेव्हापासून वाट बघत होतो.

आज सकाळी आम्ही दोघांनी एकाच कंपनीचा शेअर घेतला, आजच्या आज विकायचा म्हणून. मी थोडेच घेतले आणि ठरलेल्या भावाखाली गेला की आपोआप विकला जावा म्हणून स्टॉपलॉस लावला. साडूंनी सगळी पुंजी ओतली, स्टॉपलॉस न लावता.

शेअर आपटला. मी थोडक्यात सुटलो.

बाजार बंद होताना साडूंचा फोन आला. "विकला न्हाय मी. लाँग टर्मला ठेवलाय."

"सकाळी तर आजच विकणार म्हणत होता की!"

फोन कट.

तोटा मलाही झालाय, पण चटणीपुरते उरलेत. आत्ताच पाव किलो शेंगा चटणी त्यांच्या घरी देऊन आलो. मेव्हणीनं विचारलं, "हे कशाबद्दल वो?"

म्हटलं, "त्यांनाच विचारा."

खरं सांगा, जास्त केलं का मी?