शेजारचा ढीग

बांध फुटल्याची हाळी पडली तेव्हा भागोजी दाढी करत होता. एकसष्ट सालची सर्वपित्री अमावास्या. इस्त्री केलेला शर्ट खुंटीला होता, आणि शर्टाच्या खिशात अलिबागच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड.

त्या कार्डापायी गाव त्याला हसत आलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यानं अलिबागला जाऊन नाव नोंदवलं. पुढं कार्डाची मुदत संपत आली की मिठागरावरची मजुरी बुडवून जायचं, शिक्का मारून घ्यायचा, परत यायचं. शिक्का चुकला तर नंबर शेवटी. "भागोजी निघाला नवस फेडायला," असं लोक म्हणायचे. त्यानं एकही शिक्का चुकवला नाही. आणि आता पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. खोपोलीकडे नवा कारखाना उभा राहत होता. त्यांना माणसं हवी होती, तिशीच्या आतली. शाळेच्या दाखल्याप्रमाणे कार्तिकात भागोजीची तिशी भरत होती. आज नाही तर कधीच नाही.

येसाजी दारात येऊन उभा राहिला. कोपरपाड्यात बांधाचं सगळं त्याच्या शब्दावर चाले. त्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"बांधाला उघाडीच्या दारापाशी खांड पडली. रातच्या उधाणानं नेलं. चल."

"दादूस, आज मना अलिबागला बोलावलंय."

"सर्वपित्रीला? बापाला पान वाढायचं सोडून नोकरीला कोन निघतो रे?"

"तारीख सरकारानं दिली. मी न्हाय दिली."

"सरकार अलिबागला हाय. खाडी हितं हाय."

दुपारी बाराच्या सुमाराला पुन्हा भरती येणार होती. तोवर खांड बुजली नाही तर खारं पाणी शेतात शिरणार आणि पोटरीला आलेलं भात जागच्या जागी मरणार. एकाचं नव्हे, सगळ्या गावाचं. म्हणून रीत अशी होती की खांड पडली की घरामागे एक माणूस पाण्यात उभा राहिलाच पाहिजे. जे घर माणूस देत नाही, त्याच्या शेताला पुढं कुणी हात लावत नाही. भागोजीच्या घरात तो, त्याची आई राही आणि बायको कमळ. पुरुष माणूस तो एकटाच.

"मी जाते खांडीत," कमळ म्हणाली. ती पदर खोचून आधीच उठली होती.

येसाजी म्हणाला, "बाया माती वाहतील. खांडीत बाप्ये उभे ऱ्हातात."

"घरामागं मानूस म्हनताव ना? मग मी कोन हाय, दादूस? म्हैस?"

आतून राही हसली. येसाजी हसला नाही. भागोजीनं अर्ध्या दाढीचा साबण पुसला आणि फावडं घेतलं.

"एसटीला वेळ हाय. तोवर येतो," तो म्हणाला.

खांड बैलगाडी आडवी मावेल एवढी होती. ओहोटीचं पाणी तिच्यातून ओढीनं बाहेर जात होतं. पुरुष कमरेइतक्या पाण्यात ओळीनं उभे होते. दोन्ही अंगांना लाकडी मेढी ठोकल्या होत्या, मध्ये पेंढा आणि त्यावर चिखलाची ढेकळं पडत होती. ढेकूळ कापायलाही हिशेब लागतो. लहान कापलं तर पाणी नेतं, मोठं कापलं तर हातोहात देताना फुटतं. प्रत्येकाच्या समोर आपापला हातभर बांध. आपला भाग वर आला की माणूस थांबत नाही, सरळ शेजारच्याच्या भागाला लागतो. कुणी सांगत नाही, कुणी आभार मानत नाही. पाण्याला काय, ते कमी भरलेल्या जागेतूनच येणार.

भागोजीनं आपला भाग छातीपर्यंत आणला आणि शेजारच्याच्या भागावर चार ढेकळं टाकली. ऊन बांधावर चढलं तसा तो पाण्याबाहेर आला. खांड अर्धीच भरली होती. कुणी मान वर केली नाही, कुणी शिवीसुद्धा दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याच्या रिकाम्या जागी कमळ उतरली. येसाजीनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि पहिलं ढेकूळ तिच्या हातात दिलं.

वडखळच्या नाक्यावर एसटी उभी होती, म्हणून मिळाली. पोयनाड गेलं तरी तो नखातला चिखल काडीनं काढत होता. मनात एकच. भरती आपल्यासाठी थांबणार नाही आणि साहेबही थांबणार नाही.

एक्स्चेंजच्या पडवीत माणसं दाटीनं उभी होती. दिनानाथ कारकून नावं पुकारत होता. तीन वर्षं भागोजीच्या कार्डावर शिक्के त्यानंच मारले होते.

"आलात? मला वाटलं, आजही शिक्काच मागाल," तो म्हणाला. "अर्धी दाढी का ठेवलीत? फॅशन?"

भागोजीनं गालावर हात फिरवला. एवढा वेळ त्याच्या ध्यानातच नव्हतं.

मागच्या मोकळ्या आवारात खडीचे सारखे ढीग घातले होते. प्रत्येक ढिगापासून दूर चुन्याची चौकट आखलेली. कारखान्याचा सुपरवायझर गळ्यात शिट्टी अडकवून आला होता.

"खडी घमेल्यानं त्या चौकटीत न्यायची. शिट्टीला सुरू, शिट्टीला बंद. ज्यानं त्यानं आपला ढीग. कळलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. भागोजीनंही डोलावली.

शिट्टी झाली. सूर्य डोक्यावर येत होता. वाऱ्यावर समुद्राचा आवाज येत होता आणि तो वाढत होता. खाडीतलं पाणी आता वळलं असेल. बांधाला लागलं असेल. भागोजी भरत होता, नेत होता, ओतत होता. घमेलं काठोकाठ भरायचं नाही, सांडलेलं पुन्हा गोळा करण्यात दम जातो. खांद्यावर ते एका झटक्यात घ्यायचं. सकाळच्या पाण्यानं हात जड झाले होते, तरी लय सुटली नाही. ढीग बसत गेला आणि संपला.

शेजारी रेवदंड्याचा रामचंद्र होता. होडी ओढणारा गडी, दंड मजबूत, पण फावड्याची सवय नव्हती. तो घमेलं डोंगरासारखं भरत होता आणि निम्मं वाटेत सांडत होता. त्याचा श्वास भागोजीच्या कानाशी वाजत होता. समुद्राचा आवाजही तिथंच.

भागोजी रामचंद्राच्या ढिगाला कधी लागला, ते त्याचं त्याला कळलं नाही. शिट्टी झाली तेव्हा त्याचं फावडं रामचंद्राच्या खडीत होतं.

सुपरवायझर जवळ आला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाय."

"मी काय सांगितलं होतं?"

"ज्यानं त्यानं आपला ढीग."

"मग?"

"माझा संपला व्हता, साहेब."

"उद्या यंत्रावर दुसऱ्याच्या कामात असा हात घातलास, तर हात राहील का? तुझा जाईल, त्याचाही जाईल."

भागोजीनं फावडं रामचंद्राच्या खडीतून काढून घेतलं. माणूस खोटं बोलत नव्हता.

दिनानाथ पुढं झाला. "साहेब, तीन वर्षं येतोय हा. एकही तारीख चुकलेली नाही. कार्तिकानंतर मला त्याला पाठवता येणार नाही."

सुपरवायझरनं भागोजीच्या अर्ध्या दाढीकडे बघितलं, मग रामचंद्राकडे. "याचा ढीग पुन्हा घालणार, अर्धा. संपवला तर हा घेतला. आणि तू," त्यानं भागोजीकडे बोट केलं, "इथं उभं राहायचं. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. हललास तर घरी."

शिट्टी झाली. भागोजीनं हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं.

रामचंद्रानं पुन्हा तीच चूक केली. डोंगराएवढं घमेलं. तिसऱ्या फेरीला ते निसटलं आणि खडी चौकटीच्या बाहेर सांडली. तो गुडघ्यावर बसून हातांनी गोळा करू लागला. भागोजीच्या पायाचा अंगठा मातीत रुतला. कमी भर, त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. तोंड उघडलं आणि मिटलं. बारा झाले असतील. पाणी मेढीला लागलं असेल. कमळच्या शेजारी कोण असेल? तिचं ढेकूळ निसटलं तर कोण घेईल? कोण म्हणजे काय, जो शेजारी असेल तो घेईल. तिथं हात पाठीमागे बांधून कुणीच उभं नसेल.

तो हलला नाही.

शिट्टी झाली. रामचंद्राच्या ढिगात अजून घमेलंभर खडी उरली होती.

"तुला घेतलं," सुपरवायझर भागोजीला म्हणाला. रामचंद्राकडे बघून त्यानं नुसती नकाराची मान हलवली.

रामचंद्रानं हात झाडले, घाम पुसला. जाताना भागोजीपाशी थांबून तो हसत म्हणाला, "दादा, नशीबवान हाव. हात बांधून ऱ्हायल्याचा पगार मिलतोय तुमाला." हसण्यात राग नव्हता. त्यामुळंच ते लागलं.

दिनानाथनं रजिस्टरात शेवटची नोंद केली आणि कार्ड परत मागितलं. "आता इथं यायचं नाही," तो म्हणाला. भागोजीनं कार्ड दोन्ही हातांनी दिलं.

वडखळला उतरल्यापासून तो जवळजवळ धावतच गेला. शेताच्या कडेला वाकून त्यानं पाणी बोटानं चाखलं. गोडं होतं. बांधावर माणसं अजून होती. रातच्या उधाणाआधी वरचा थर चढवायचा होता. कमळ खांडीच्या मध्यावर होती, सकाळी उतरली होती तिथं नव्हे. आपला भाग संपवून ती केव्हाच पुढं सरकली होती. चिखलात फक्त डोळे दिसत होते.

"लागली?" तिनं विचारलं.

"लागली."

येसाजी म्हणाला, "मंग! काय काम करून दाखवलंस साहेबाला?"

"उभा ऱ्हायलो."

ओळीतली माणसं हसली. त्यांना ती भागोजीची थट्टाच वाटली. कमळ तेवढी हसली नाही. तिनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि बाजूला सरून जागा केली.

त्यानं इस्त्रीचा शर्ट काढून मेढीला अडकवला आणि पाण्यात उतरला. समोरचा हातभर भाग वर आला तसा तो सवयीनं शेजारच्याच्या भागाकडे वळला. ढेकूळ हातात होतं. क्षणभर तो थांबला, कुणी काही म्हणतं का म्हणून.

कुणी काही म्हटलं नाही. त्यानं ढेकूळ टाकलं.