अर्थिंगला पाणी

आमच्या गल्लीतला वायरमन घरात आला की आधी फ्रिजला हाताची पालथी बाजू लावून शॉक बसतो का ते बघतो. नमस्कार त्यानंतर. सोलापुरात चार दिवसांआड नळ येतो, तरी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "अर्थिंगच्या खड्ड्यात पानी घातलं का?" मला दर वेळी खोटं बोलावं लागतं.

परवा जावयाने जर्मनीहून ओव्हन आणला. त्याच्या पाठीवरचे देशोदेशीचे सुरक्षेचे शिक्के मी वायरमनला ऐटीत दाखवले. त्याने चष्मा कपाळावर सरकवून एकेक शिक्का बोट ठेवून वाचला.

"लई कडक तपासत्यात की ओ! ह्यो छाप उगंच मिळत न्हाय," तो म्हणाला. "पन तुमची जमीन वली हाय असं धरून चाललेत ते. हितं कोरडी पडली, तर करंट उतरनार कुटं?"

ओव्हन तसाच सोडून तो अंगणात गेला आणि स्वतःची पाण्याची बाटली त्याने शेवटच्या थेंबापर्यंत खड्ड्यात ओतली. एप्रिलचं ऊन होतं, त्याचे ओठ सुकलेले. मी ओशाळून माठातलं तांब्याभर पाणी आणून दिलं.

त्याने दोन घोट घेतले, उरलेला तांब्याही खड्ड्यात रिकामा केला आणि म्हणाला, "आता लावा."