शेवंता गाडीत बसली

फोन आला तेव्हा मी म्हशीला पाणी दाखवत होतो. दिंद्रुडहून जावयाचा फोन. "आबा, आई गेल्या," एवढंच म्हणाले. माझी शेवंता सकाळी चहा पिऊन, नातीची वेणी घालून भिंतीला टेकून बसली, ती बसलीच. घाटनांदूरच्या अलीकडं आमची वस्ती आहे, तिथून ती आदल्याच दिवशी लेकीकडं गेलती. एकटी, एसटीनं. आता महिना होत आला. भेटायला येणारे अजून हळहळतात, स्वतःच्या घरात मरण आलं असतं तर बरं झालं असतं म्हणून. मी तोंडावर सांगतो, काही बरं झालं नसतं. जी बाई सहा वर्षं कुठल्या गाडीत पाय ठेवत नव्हती, ती आपली आपण गाडी धरून लेकीकडं गेली आणि तिथं मेली. मला तर ती जिंकून गेली असंच वाटतं.

आम्ही ऊसतोडीची माणसं. आमच्यात मुकादम माणसं धरत नाही, कोयते धरतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. शेवंता आणि मी तीस हंगाम एक कोयता होतो. मी तोडायचो, ती मोळ्या बांधायची, आणि तोंड दोघांचंही हातापेक्षा जास्त चालायचं. त्या साली हंगाम संपला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड भरलं आणि गावाकडं निघालो. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. तिला म्हणालो, "तू वर बस गाठोड्यांवर, वारं लागंल." एका वळणावर ट्रॉली उलटली. तिच्या शेजारी बसलेली गया, आमच्याच वस्तीवरची, तिची जिवाभावाची मैत्रीण... ती जाग्यावरच संपली. शेवंताला नुसतं खरचटलं. लोक म्हणाले, देवाची कृपा.

कृपा कसली. ट्रॅक्टरचा आवाज आला की ही ज्वारीत शिरून कान दाबून बसायची. जीपच्या पायरीवर पाय ठेवला की अंग घामानं भिजायचं. बाजार चालत, लग्नं चालत, लांबची लग्नं बंद. आमचं ऊसतोडीला जाणंही बंद झालं, अर्ध्या कोयत्याला कोण नेतंय. मी लई बोललो तिला. नाटकं करती म्हणालो. सहा वर्षं म्हणालो.

मग आमची सुमन दुसऱ्यांदा गरोदर राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, पण या खेपेला डॉक्टरनं तिला प्रवास करायचा नाही असं सांगितलं. तिला सासू नाही. फोनवर रडायला लागली, "आई, तू न्हाई आलीस तर माझ्यापाशी कोण बसंल?" शेवंता म्हणाली, "येते की. चालत येते." आणि ती खरंच भाकरीचं पीठ किती घ्यायचं ते बघायला लागली. मी म्हणालो, "तू पोचंस्तोवर लेकरू बोलाया लागंल."

आमच्याकडं येणारी आशाताई म्हणाली, दर बुधवारी सरकारी दवाखान्यात एक मॅडम येतात, डोळे फिरवून इलाज करतात. मी म्हणालो, "डोळ्याला काय झालंय तिच्या? सुईत दोरा ओवती ती." "डोळ्याचा न्हाई काका, भ्याचा इलाज हाय."

तीन कोस चालत गेलो. मॅडम पोरसवदा, आवाज मऊ. मला म्हणाल्या, "काका, तुम्ही बाहेर बसा." मी म्हणालो, "मॅडम, आमी दोघं मिळून एक कोयता हाव. अर्धा आत न अर्धा भाईर कसा चालंल?" शेवंता म्हणाली, "बसू द्या त्यांला कोपऱ्यात. भाईर कुणाशी तरी भांडतील." मॅडमनी दोन बोटं तिच्या तोंडासमोर धरली आणि इकडून तिकडं, तिकडून इकडं न्यायला लागल्या. "मावशी, मान हलवायची नाही. नुसते डोळे. आणि ते वळण आठवा, झेपेल तेवढंच." शेवंता हसली, "माशीकडं बघणाऱ्या म्हशीवानी झालं की माझं." मग हसायची थांबली. मॅडमनी विचारलं, "आता काय येतंय समोर?" ती म्हणाली, "गयाच्या हातातल्या बांगड्या."

मी कोपऱ्यात बसून त्याच बोटांमागं डोळे फिरवत होतो. कोयता एक म्हटल्यावर इलाजही दोघांनीच घ्यायचा, असं मला आपलं वाटलेलं. पण "तू वर बस," हा माझाच आवाज मला ऐकू आला. मी उठलो आणि बाहेर जाऊन बसलो. पुन्हा कधी आत गेलो नाही.

आठ बुधवार गेली ती. एकदा घरी आल्यावर दोन दिवस नुसती रडत होती. मी म्हणालो, "सोड हे, चालत जाऊ दिंद्रुडला." ती म्हणाली, "कावून? अर्ध्या फडात कोयता टाकला व्हता का तुमी कदी?" पाचव्या का सहाव्या बुधवारी परत येताना मागून ट्रॅक्टर आला. ही पदर आवळून उभी राहिली, पण उभी राहिली. ट्रॅक्टर गेल्यावर म्हणाली, "आधी त्ये अंगावर यायचं. आता रस्त्याच्या कडंला उभं ऱ्हातंय. जात न्हाई, पण अंगावर येत न्हाई."

सुमनचे दिवस भरत आले तेव्हा आम्ही एसटीत बसलो. खिडकीतून ती झाडांकडं बघायची, डावीकडून उजवीकडं, पुन्हा डावीकडून. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय हुडकता?" "भ्या हुडकती. कुठल्या फाट्यावर उतरलं कळंना." अख्खी गाडी हसली. मला हसू येईना. मी हळूच म्हणालो, "तुला वर मीच बसवलं व्हतं." ती म्हणाली, "मला काय ठावं न्हाई व्हय? न गयाला माझ्या शेजारी मी बोलावलं व्हतं. मॅडमला पयल्यांदा त्येच सांगितलं." मग तिनं पदर सावरला. "आता खिडकी उघडा तेवढी, वारं येऊ द्या."

सुमन दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. आई गाडीतून उतरून आलीय हे तिला खरंच वाटेना. म्हणाली, "चालत आलीस व्हय गं?" शेवंता म्हणाली, "चालत आले असते तर पाय धुवाया पाणी मागितलं असतं. च्या टाक." चार दिवसांनी नात झाली, आणि तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते शेवंतानं.

त्यानंतरची चार वर्षं ही बाई घरात सापडली नाही. उमापूरला आतेबहिणीकडं, अंबाजोगाईला देवीला, कुणाच्याही बारशाला. कारण नसलं तर काढायची. ड्रायव्हरच्या मागचं बाकडं तिचंच. ड्रायव्हरला लेकराबाळांचं विचारायची, गाडी जोरात पळवली तर रागवायची. मी म्हणायचो, "म्हातारे, एसटीला तुझं नाव देणार हायत." ती म्हणायची, "सहा वरसाचं फिरायचं ऱ्हायलंय माझं, तुमी बसा म्हशीपाशी."

सकाळची गाडी अजून आमच्या फाट्यावर हळू होते. हात केला नसला तरी होते, हॉर्न वाजवते, दार उघडून थांबते. मी गोठ्यातून हात हलवतो, जा म्हणून, मग जाते. परवा कंडक्टर खाली उतरून आला. "बाबा, लई दिवस झाले, आजी कुठं हायत?"

मी म्हणालो, "दिंद्रुडला गेलीय. तुमच्याच गाडीनं."

त्यात खोटं काही नाही. तो बरं म्हणाला, गाडीत चढला, घंटी दिली.