माईकवरची वही

वडील रेल्वेत गार्ड होते. डहाणू रोडच्या क्वार्टरमध्ये जेवताना आमटी मागायची असली तरी ते वॉकीटॉकीवर बोलल्यासारखे बोलायचे. "आधी ऐक, मग बटण दाब, क्षणभर थांब आणि मग बोल," हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. किनाऱ्यावरच्या एका गावात मच्छीमार संस्थेला वायरलेस सेट चालवायला माणूस हवाय असं कळलं, तेव्हा मी अर्जबिर्ज केला नाही, सरळ जाऊन उभी राहिले. माझा स्वभाव तसा आगाऊच.

संस्थेच्या अध्यक्षांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तांडेल लोक ऐकतील काय तुझं?" तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. मी म्हटलं, "घरी तरी कोणाचं ऐकतात?" ते हसले आणि अट घालून मोकळे झाले. तीन महिन्यांत बोटी सेटवर बोलायला लागल्या तर मी कायम. नाहीतर सेट कपाटात आणि मी घरी.

सेट म्हणजे टेबलावरची एक काळी पेटी, पावाच्या लादीएवढी. खाली बॅटरी, कारण गावात वीज पाहुण्यासारखी येते-जाते. मागून जाड केबल खिडकीतून छपरावर गेलेली, आणि तिथे उंच लोखंडी खांबावर अँटेना. रेडिओची ही लहर सरळ जाते, म्हणून खांब जितका उंच तितकी लांबची बोट ऐकू येते. किनारा मागे पडला की मोबाइल मुका होतो, सेट मात्र बोलत राहतो. फक्त एकच शिस्त पाळायची: चॅनेल सगळ्यांचा एकच, तेव्हा एका वेळी एकानेच बोलायचं. बोलणारा बटण दाबून असतो तोवर त्याला स्वतःला कोणी ऐकू येत नाही आणि बाकीच्यांना मध्ये तोंड घालता येत नाही. म्हणून बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि बटण सोडायचं. माझ्या टेबलावरच्या माईकला बटणाऐवजी बुडाशी रुंद पट्टी होती, ती दाबली की आवाज समुद्रावर.

रोज संध्याकाळी पाच वाजता मी एकेका बोटीला तिच्या नावाने हाक मारायचे. "कुठे आहात? ओव्हर." उत्तरादाखल खरखर. फारच कोणी मेहरबान झालं तर "हां". सगळ्यात वयस्क तांडेलकाकांनी तीन महिन्यांत एकदाच तोंड उघडलं, तेही "हूं" म्हणायला. 'ओव्हर' तर कोणाच्याच तोंडून निघत नव्हतं. मी चिडायचे, सेटवरून शिस्तीवर भाषण द्यायचे, आणि भाषण संपलं की पुन्हा खरखर. लॉगबुकाच्या वहीत प्रत्येक बोटीपुढे 'उत्तर नाही' लिहून लिहून माझं अक्षर मात्र सुधारलं.

शनिवारी तीन महिने भरणार होते. शुक्रवारी पाचला हाका मारल्या, नेहमीसारखंच झालं. मी रागाने लॉगबुक मिटून टेबलावर आपटलं. तेवढ्यात तांडेलकाकांची बायको आली. काकी रोज संध्याकाळी यायच्या, कधी सुके बोंबील घेऊन, कधी नुसत्याच. खरं कारण आम्हा दोघींनाही माहीत होतं, ते म्हणजे काकांच्या बोटीची खबर.

"बोलला काय?" त्यांनी विचारलं.

"तुमचे काका? त्यांनी 'हूं' म्हटलं होतं ना गेल्या महिन्यात. आता दिवाळीला म्हणतील." मी काकांच्या आवाजात 'हूं' करून दाखवलं. मग उत्साह आला म्हणून बाकीच्या तांडेलांच्याही नकला केल्या. काकी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणाले, "आणि तुमचे अध्यक्ष! त्यांना वाटतं सेट म्हणजे दारावरचं तोरण. एकदा लावलं की झालं."

"पण तू बोटींना विचारतेस काय?"

"कुठे आहात, असं."

काकींनी कपाळावर हात मारला. "वेडी काय गं बाय तू? मासा कुठे लागला ते हा सख्ख्या भावाला सांगत नाही. आणि तू सगळ्या समुद्रासमोर विचारतेस, कुठे आहात म्हणून! कोण सांगेल?"

तीन महिने मी नेमका तोच प्रश्न विचारत होते, ज्याचं उत्तर इथे कोणी कोणाला देत नाही.

"मग काय विचारू?"

"मला काय कळतं त्यातलं?" काकी पदराने डोळे पुसत म्हणाल्या. मग जरा वेळाने, हळू आवाजात, "मला तो कुठे आहे ते नकोच आहे बाय. किती वेळात येतोय एवढंच पाहिजे. तांदूळ धुऊन ठेवते आणि बंदरावर बघायला जाते. बोट दिसत नाही, परत येते. पुन्हा जाते. भात आधी लावला तर गार होतो, नंतर लावला तर तो उपाशी बसून राहतो. गार भात खाईल, पण बोलणार नाही हो! तीस वर्षं झाली, रोज तीन फेऱ्या. गुडघे गेले माझे. त्याला काय माहीत, त्याला वाटतं भात आपोआप गरम असतो."

आम्ही अशा तासभर बोलत बसलो. सेट शांत होता. खरखरसुद्धा नव्हती. मला वाटलं, आज मेले 'हां' म्हणायलाही तयार नाहीत.

दारात तांडेलकाका उभे राहिले. लुंगी गुडघ्यापर्यंत ओली, अंगावर मासळीचा वास. बोट लावून थेट इकडेच आले होते. काकी दचकून उठल्या, "अगंबाई, तांदूळ अजून डब्यातच!" काका सरळ टेबलाजवळ आले आणि माईकवर पडलेलं लॉगबुक दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं.

वहीची कड तासभर पट्टीवर होती.

पट्टी सुटली आणि सेटमधून हसण्याचा लोंढा आला. एकावर एक सगळे बोलत होते, माझी शिस्त पार धाब्यावर. एकजण माझ्या नकलेची नक्कल करत होता. उंबरगावकडची एक बोट गुजरातीत ओरडली, "बेन, अमे बधुं सांभळ्युं!" सगळं ऐकलं म्हणे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. या तासात कोणाचं इंजिन बंद पडलं असतं, कोणी मदत मागितली असती, तर मी बाईसाहेब चॅनेल अडवून नकला करत होते. वडिलांना काय सांगणार होते मी?

पाठोपाठ अध्यक्ष आले. त्यांच्या कमरेला छोटा सेट कायम लटकलेला असे.

"तोरण काय?" ते म्हणाले.

"फोन तरी करायचा होतात," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"करणार होतो. पण ऐकत बसलो." त्यांनी काकींकडे बघून मान खाली घातली. "माझी बायकोपण ऐकत होती. ती म्हणाली, बंद करायचा नाही, ऐका जरा. उद्या पाचला बघू तुझं काय करायचं ते."

शनिवारी पावणेपाचपासून मी लॉगबुक मांडीवर घेऊन बसले होते. काकी बाकावर, अध्यक्ष दारात. पाचला पट्टी दाबली, क्षणभर थांबले आणि पहिल्या बोटीला हाक मारली. "किती वेळात येताय? ओव्हर."

"अर्धा तास," सेट म्हणाला.

दुसरी बोट म्हणाली पाऊण तास. तिसरी म्हणाली, "आज उशीर आहे, घरी सांग, जेवून घ्या." मी भराभर लिहीत होते आणि अध्यक्ष मोबाइलवरून एकेका घरी कळवत होते. बोटी कुठे आहेत हेही तांडेल पुढे हळूहळू सांगू लागले, पण तो भाग नंतरचा. शेवटची हाक तांडेलकाकांच्या बोटीला होती. 

मग खाकरल्याचा आवाज. "बाय, तिला सांग, वीस मिनिटं. भात लाव म्हणावं. आणि बंदरावर येऊ नको म्हणावं, गुडघे दुखतात."

काकींनी तोंडाला पदर लावला, मग उठल्या आणि चपला घालायचं विसरून घराकडे निघाल्या. अध्यक्षांनी त्यांच्या चपला उचलून मागून धाव घेतली. मला रीतीप्रमाणे उत्तर द्यायचं होतं. मी पट्टी दाबली, थांबले, आणि खिडकीतून अनवाणी काकी आणि मागे धावणारे अध्यक्ष बघत बोलायचंच विसरले. तशीच थोडा वेळ पट्टी दाबून बसले आणि मग सोडली.

"बाय," काका म्हणाले, "परत वही ठेवलीस की काय? ओव्हर."