वाढत्या मापाचा पट्टा

इंग्लंडमध्ये पावती दाखवली की घेतलेली वस्तू परत करता येते. ती घेताना झालेले किस्से मात्र कुणी परत घेत नाही, ते घरातच साचत जातात. आमच्या रीडिंग शहरातल्या मराठी मित्रांच्या ग्रुपमध्ये सोफ्याचे किस्से आहेत, सेकंडहँड पियानोचे आहेत, आणि एका गळक्या तंबूचे तर इतके आहेत की तंबू चॅरिटी शॉपला देऊन टाकला तरी ते संपले नाहीत. पण गेल्या हिवाळ्यात मंदारने बर्फावर चालणारी गाडी, स्नोमोबिल घेतली आणि हे सगळे मागे पडले.

मंदार माझा इंजिनिअरिंगपासूनचा मित्र. रीडिंगमध्ये त्याची बरी नोकरी होती, बायको केतकी शाळेत शिकवायची. एके दिवशी दोघांनी सगळं गुंडाळलं आणि स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, एका डोंगराच्या पायथ्याशी, ट्रेकर्सना मुक्कामासाठी बंकहाऊस चालवायला घेतलं. "डोक्यावर परिणाम झालाय," असं माझा नवरा निखिल तेव्हा म्हणाला होता. आता दर सुट्टीत तिकडे जायला सगळ्यात आधी बॅग त्याचीच भरलेली असते.

डोंगराच्या मध्यावर मंदारची अजून एक छोटी हट आहे. हिवाळ्यात तिथे गॅस, गाद्या, किराणा पोचवायचा तर स्नोमोबिल हवीच, हे सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण होतं नाना.

नाना म्हणजे मंदारचे वडील. पुण्यात बँकेत होते. रविवारी घरी सापडले तर आजारी असतील असं समजायचं, इतके गड चढलेले. मग खुब्याचं ऑपरेशन झालं, त्याच वर्षी काकू, म्हणजे मंदारची आई, गेल्या, आणि नाना जे खुर्चीत बसले ते बसलेच. मंदारने त्यांना हिवाळाभर स्कॉटलंडला आणलं, तर इथेही ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले. दिवसभर डोंगराकडे बघायचे. खाली पायथा, हट आहे ती माची, आणि वरचा दगडांच्या राशीचा माथा म्हणजे बालेकिल्ला, अशी नावंही त्यांनी देऊन टाकली होती. फक्त जायचं नाव काढत नव्हते.

मंदारच्या मनात एकच होतं. एप्रिलमध्ये नाना परत जायच्या आधी त्यांना एकदा बालेकिल्ल्यावर न्यायचं. त्याने तसं सांगितलं, तेव्हा नाना म्हणाले, "डोंगरावर लादून न्यायला मी काय आंब्याची पेटी आहे?"

मंदारने तरीही मशीन शोधायला घेतलं.

*

स्नोमोबिलला पुढे दोन स्की असतात आणि मागे दात असलेला रबराचा रुंद पट्टा. तो पट्टा फिरतो आणि गाडी बर्फावरून चालते. सगळा खेळ त्या पट्ट्याच्या लांबीचा. आखूड घेतला तर गाडी चटचट वळते, पण भुसभुशीत बर्फात रुतते. लांब घेतला तर बर्फावर तरंगते, चढ सरळ चढते, पण वळायला नखरे करते. लांबी इंचात सांगतात. त्यामुळे डिसेंबरभर आमच्या फॅमिली कॉलवर "कसे आहात"च्या जागी आकडेच ऐकू यायचे.

निखिलने स्नोमोबिल जन्मात पाहिली नव्हती, म्हणून साहजिकच सल्ला त्याचा. "मंदार, एकशे चोपन्न इंची म्हणजे जवळजवळ चार मीटर झाले. नुसता पट्टाच तुझ्या शेडमध्ये मावणार नाही. डायमेन्शन्स तरी चेक कर."

"अरे, तो गोल फिरतो," मंदार म्हणाला. "लांबी अख्ख्या वेटोळ्याची असते. जमिनीवर निम्म्याहून कमी टेकतो."

मागून खुर्चीतून नानांचा आवाज आला, "निखिल, कमरेचा पट्टासुद्धा गोलच असतो. आपण काय तो आडवा पसरून चालतो का?"

निखिलने कॅमेरा बंद केला. वाय-फाय गेलं होतं, असं तो अजून सांगतो.

*

मंदारच्या शेजारी फियोना राहते. साठीची बाई, खमकी. जुन्या स्नोमोबिल दुरुस्त करून विकते, आणि विकण्याआधी चालवायला देते. नाताळात आम्ही गेलो तेव्हा तिने आखूड पट्ट्याची एक मशीन दिली होती. लाल, चकचकीत, दिसायला एकदम गोड. मंदार एकटा बसला की ती खारीसारखी पळायची.

"पण नाना मागे बसणार ना? दोघं बसून, टू-अप टेस्ट करू," निखिल म्हणाला आणि मागे बसला. निखिलचं वजन मी सांगत नाही, संसार करायचा आहे. शिवाय त्याच्या मागे केतकीने डबे बांधले. डोंगरावर दोन माणसं अर्ध्या तासासाठी निघाली तरी आपल्याकडे पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात आणि वर 'असू दे बरोबर' म्हणून लाडू जातातच.

माचीच्या खालच्या घळीत ताजा बर्फ साठला होता. तिथे मशीनचं शेपूट खाली गेलं आणि नाक वर आलं. मंदारने ॲक्सिलरेटर दाबला, तसा पट्टा जागच्या जागी फिरून खड्डा खणू लागला. जितका दाबला तितका खोल. शेवटी निखिल कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून पुऱ्या वाचवत होता.

दोघं अंधार पडायच्या आत मशीन ओढत खाली आले. नानांनी खिडकीतून सगळं दुर्बिणीने पाहिलं होतं. ते केतकीला म्हणाले, "बालेकिल्ला घ्यायला गेले होते. भुयार खणून आले."

*

आखूड पट्ट्याचा धसका घेऊन मंदार दुसऱ्या टोकाला गेला. यात त्याचा दोष नाही, हा आपल्या घराघरातला संस्कार आहे. युनिफॉर्म असो नाहीतर चप्पल, आईने वस्तू घ्यायची ती वाढत्या मापाचीच. मंदारने पाचवीत घेतलेला स्वेटर दहावीच्या फोटोत आहे, आणि तेव्हा कुठे तो अंगाला नीट बसलेला दिसतो.

तर जानेवारीत त्याने फियोनाकडून सगळ्यात लांब पट्ट्याची मशीन आणली. "घेतोच आहोत तर मोठाच घेऊ. पुढेमागे उपयोगी पडेल."

"कुणाच्या? स्नोमोबिल वाढत्या वयाची आहे का?" केतकीने विचारलं.

चढाला ती अप्रतिम होती. नव्या बर्फावरून सुळकन वर गेली. पण खाली येताना ओढ्यापाशी डावीकडे वळायचं असतं, आणि ती वळायलाच तयार नाही. मंदार सगळ्या अंगाने डावीकडे झुकला, मशीन सरळच. समोर फियोनाचं कुंपण होतं. केतकी सांगते की कुंपणाच्या आत पोचल्यावर मंदारने अगदी सभ्यपणे हेल्मेट काढून फियोनाला गुड मॉर्निंग केलं.

बरं, पट्टा लांब म्हणून त्याच्यावरचं मागचं पत्र्याचं आवरणही लांब. शेडचं दार लागेना. मशीनचं शेपूट बाहेर राहायचं, त्यावर नाना आपला पंचा वाळत टाकायचे. पंचा वाळायचा नाही, थंडीने पापडासारखा कडक व्हायचा.

मंदार म्हणाला, "नाना, हिची सवय होईल हळूहळू."

नाना म्हणाले, "शर्ट मोठा झाला तर बाह्या दुमडता येतात. हे कुठून दुमडणार आहेस?"

*

शेवटी मंदार शहाणा झाला. कॅनडाचे व्हिडिओ बघणं त्याने बंद केलं. तिकडे माणूस गळ्यापर्यंत बुडेल असा बर्फ, त्यांना लांबच लांब पट्टे लागतात. इथला बर्फ वाऱ्याने बडवलेला, ओलसर, घळीत तेवढा खोल. मागे माणूस बसवायचा, तर अगदी आखूड चालणार नाही. ओढ्यापाशी वळायचं, तर अगदी लांब नको. म्हणजे मधला, तोच निखिलचा एकशे चोपन्न इंची. फियोनाने मागे जोडसीट लावून दिली. शेडचं दारही लागलं.

फेब्रुवारीत शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आम्ही पोचलो आणि केतकीने पूजेचं ताट काढलं. नवीन वाहन आलंय, पूजा नको? बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पट्ट्याखाली लिंबू ठेवलं. मंदारने गाडी पुढे घेतली, तर लिंबू न फुटता अलगद बर्फात गेलं. मग निखिलने नारळ उचलला आणि जोरात आपटला. नारळही बर्फात गेला, वर फक्त गोल भोक राहिलं. फियोना लांबून बघत होती. ती म्हणाली, "इज दॅट गुड लक ऑर बॅड?" 

उकरून काढलेला नारळ वर बालेकिल्ल्याच्या दगडांवर फोडायचं ठरलं. निखिलने तो कुंकवासकट मशीनच्या मागे बांधला आणि तो आणि मंदार दोघं निघाले. माचीच्या वर ढग उतरले म्हणून अर्ध्यातून परत आले, तेव्हा मागे नुसती दोरी होती. नारळ वाटेत कुठेतरी पडला होता.

"निखिलने बांधला होता ना," मी म्हणाले. पुढे बोलायची गरज नव्हती.

नानांना मात्र या नारळात भलताच रस. "माचीच्या वर पडला की खाली?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

त्या संध्याकाळी मंदारने पुन्हा विषय काढला. मशीन छान आहे, सीट मऊ आहे, एकदा चला. नाना म्हणाले, "नको रे. मी इथून बघतो ना." नंतर भांडी घासताना मंदार मला म्हणाला, "ते डोंगराला घाबरत नाहीत गं. आपल्याला आता जमणार नाही, याला घाबरतात." त्याचे डोळे भरले होते. मी ताटं पुसत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मंदारने एक केलं. रोज सकाळी हटवर सामान टाकलं की रिकामी मशीन तशीच माथ्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची. पट्ट्याने बर्फ दाबून दाबून वाट पक्की होत होती. नाना कधी हो म्हणाले तर वाट तयार हवी, एवढंच त्याच्या डोक्यात.

*

मार्चमध्ये केतकीचा फोन आला. तिची तक्रार वेगळीच होती. नानांचे मोजे रोज दुपारी ओले.

नानांचं एक बरं झालं होतं, त्यांना फियोनाची सोबत मिळाली होती. मंदार खाली गावात खरेदीला गेला आणि केतकी बुकिंगच्या कामाला बसली की नाना काठी घेऊन फियोनाकडे चहाला जायचे. फियोनाची म्हातारी कुत्री मॉली त्यांना न्यायला यायची. "खुर्चीतून उठतात तरी, हेच खूप आहे," केतकी म्हणाली. "पण येताना शेडमध्ये बसतात म्हणे ऊन खात. आणि शेडचं छप्पर गळतंय म्हणतात, म्हणून मोजे ओले."

मंदार शिडी लावून छपरावर चढला. पत्रे तपासले, फटीत सीलंट भरलं. मोजे ओलेच. पुन्हा चढला, पुन्हा भरलं. इतकं सीलंट गेलं की शेड आता पाण्यात टाकली तरी तरंगेल, असं निखिलचं म्हणणं होतं.

मोजे ओलेच.

*

ईस्टरला आम्ही पुन्हा गेलो. पुढच्या आठवड्यात नानांचं पुण्याचं विमान होतं. खाली बर्फ विरायला लागला होता, माचीच्या वर मात्र पांढरंशुभ्र. नाश्त्याला नाना म्हणाले, "मंदार, आज हवा चांगली आहे. चल, दाखव तुझा पट्टा."

मंदारच्या हातातला टोस्ट तसाच राहिला.

केतकी, निखिल, मी, फियोना आणि मॉली असे आम्ही आधीच चालत हटपर्यंत जाऊन थांबलो. थोड्या वेळाने मशीनचा आवाज आला. मंदार पुढे, इतका हळू चालवत होता की अंड्यांची पाटी घेऊन निघाल्यासारखा. मागे नाना, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर त्यांची जुनी खाकी सॅक. ओढ्यापाशी मशीन सुरेख वळली. घळ पार झाली, रुतली नाही. निखिल टाळ्या वाजवायला लागला.

हटच्या वर पहिल्या चढाला नानांनी मंदारच्या खांद्यावर थोपटलं. "थांब. इथून मी येतो."

"नाना, वेड्यासारखं काय करताय? अजून खूप चढ आहे."

"मशीन बाजूला घे. वाट अडवू नकोस."

हेल्मेट काढून त्यांनी मंदारच्या हातात दिलं, सीटमागची काठी सोडवली आणि दाबलेल्या वाटेवरून चालायला लागले. सावकाश, एक पाय थोडा ओढत, पण न डगमगता. मंदार मागे दोन्ही हात पसरून, लहान मूल पडेल म्हणून आपण चालतो ना, तसा. त्याच्या मागोमाग आम्ही. मॉली पुढे पळाली. वळणावर एका दगडापाशी ती आपणहून बसली. नाना तिथे पोचले, दगडाला टेकले, दम घेतला. ते निघाले तशी मॉली पुढच्या दगडापाशी जाऊन बसली. नाना तिथेही टेकले. केतकी फियोनाकडे बघायला लागली. फियोना आकाशाकडे बघत होती.

आम्ही बालेकिल्ल्यावर पोचलो. चारही बाजूंना डोंगर होते. नानांनी दगडांच्या राशीला हात लावून नमस्कार केला आणि सॅक उघडून आतून नारळ काढला. शेंडीपाशी कुंकू अजून लागलेलं होतं.

निखिल ओरडला, "अरे, हा तर आपला!"

नानांनी तो दगडावर फोडला. पहिला तुकडा फियोनाला दिला, दुसरा मॉलीला, तिसरा हेल्मेट छातीशी धरून उभ्या असलेल्या मंदारला.

"माप बरोबर घेतलंस तू," ते म्हणाले. "वाट अगदी छान दाबतो तो पट्टा."

मंदारने दाबलेल्या वाटेकडे पाहिलं, मग नानांच्या ओल्या बुटांकडे.

"आणि हे बघ," नाना म्हणाले, "शेडचं छप्पर गळत नाही रे."